दहा मिलिग्रॅम, सोळा किलो

कॅप्सूल उघडायची नसते, हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

सव्वापाच वर्षांचं पोर अख्खी कॅप्सूल गिळणार कशी? म्हणून तिने कुठलीही आई करेल तेच केलं. केळ्याचं शिकरण केलं, स्टीलच्या वाटीवर कॅप्सूलची दोन टोकं हलकेच पिळून सोडवली आणि आतली पांढरी भुकटी झटकली. डोक्यावर पंखा चालू होता. पोरगा नेहमीप्रमाणे तिच्या कोपराखालून डोकं घालून वाटीत काय चाललंय ते बघत होता. भुकटी उडाली ती थेट त्याच्या डोळ्यात. डोळा लालभडक, पोर किंचाळतंय, आणि सासूबाई दारातून ओरडतायत, "काय घातलंस गं लेकराच्या डोळ्यात!"

डोळा धुतला, संध्याकाळपर्यंत लाली उतरली. ॲटोमॉक्सेटिनची भुकटी डोळ्याला झोंबते, म्हणून कॅप्सूल फोडू नये, अख्खी गिळावी, अशी सूचना या औषधाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. पण पत्रक असतं खोक्यात, खोकं असतं दुकानदाराच्या फळीवर, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती कात्रीने कापलेली अर्धी पट्टी.

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून तिने मला हे सांगितलं. ती बार्शीहून पहाटेच्या एसटीने आली होती. मुलगा आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पाऊण तासात त्याने बाकाखालून तीन वेळा आरपार सरपटून दाखवलं, पाण्याच्या पिंपावरचे कागदी पेले एकात एक घालून मनोरा केला, तो पाडला, एका अनोळखी आजोबांची काठी मागितली, ती मिळण्याआधीच विसरला, आणि माझ्या वहीत माझ्याच पेनाने एक गोल काढून तो पुरा होण्याआधी निघून गेला. चेहरा हसरा, डोळे सारखे मिचकावणारे. आई त्याच्याकडे बघत होती आणि त्याच वेळी दाराकडेही. दार उघडं राहिलं तर तो रस्त्यावर जातो, हे तिला माहीत होतं.

आपल्याकडे अशा मुलांसाठी शब्दांची कमतरता नाही. वांड, द्वाड, अवखळ, पायाला भिंगरी, अंगात भुंगा. मराठी बालसाहित्याचं तर खोडकर पोरांवाचून पान हलत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे घ्या. आमच्या पिढीला वाटायचं, चंचल मूल म्हणजे असंच, हुशार आणि उचापती. पण एक फरक लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. फास्टर फेणे हाती घेतलेली भानगड तडीस नेतो. बाकावरच्या त्या मुलाला काढायला घेतलेला गोल पुरा करता येत नव्हता. डॉक्टर याला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणतात. एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं नव्हे. लक्ष कुठे लावायचं, किती वेळ लावायचं आणि हात कधी आवरायचा, याचा लगाम उशिरा आणि अपुरा तयार होणं, असं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ जातं.

आता त्या पट्टीची गोष्ट. शाळेने, म्हणजे मोठ्या शिशुवर्गाने, "आधी डॉक्टरला दाखवा, मगच पाठवा" असं बजावलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत निदान करून कॅप्सूल लिहून दिली. दुकानदाराने पट्टी कापता कापता धीर दिला, "घाबरू नका ताई, ही साधी आहे, नशेची नाही." अकराव्या दिवशी डोळ्याचा प्रकार झाला. शिवाय दहा दिवसांत काडीचा फरक दिसला नव्हता. आईने पट्टी कपाटात टाकली, आजीने ब्राह्मीचं तेल काढलं.

"ही साधी आहे, नशेची नाही." पुढचे काही महिने मी बाकीच्या आईबापांशी, दोन डॉक्टरांशी आणि तीन औषध दुकानदारांशी बोलले. हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येत राहिलं. ॲटोमॉक्सेटिनसारख्या औषधांना नॉन-स्टिम्युलंट म्हणतात, आणि हे नावच नकारातून आलंय. ती काय नाहीत एवढंच नाव सांगतं, काय आहेत ते सांगत नाही. ही मोकळी जागा मग ऐकणारा आपल्या भीतीने भरून काढतो. स्टिम्युलंट म्हणजे नशा, तर नॉन-स्टिम्युलंट म्हणजे निरुपद्रवी. यातलं पहिलं विधान अर्धवट आहे आणि दुसरं चूक.

उत्तेजक औषधांचा, म्हणजे स्टिम्युलंटचा, इतिहास सगळीकडे सांगितला जातो, म्हणून भरभर उरकते. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने मेंदूच्या तपासणीनंतर होणारी मुलांची डोकेदुखी घालवायला बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखी राहिली बाजूला, तीस मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं अभ्यासाला बसू लागली. १९४४ मध्ये सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं आणि पुढे बायकोच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याचं रिटालिन केलं. ही औषधं तासाभरात काम सुरू करतात आणि संध्याकाळपर्यंत उतरतात.

नॉन-स्टिम्युलंटचा इतिहास मात्र मजेदार अपघातांचा आहे. क्लोनिडिन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत तयार झालं ते चोंदलेल्या नाकासाठी. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीबाईंच्या नाकात थेंब घातले आणि बाई चोवीस तास झोपल्या, रक्तदाब घसरला. त्यातून रक्तदाबाचं औषध जन्माला आलं. मुलांच्या चंचलपणावर ते वापरून पाहिलं येल विद्यापीठातल्या रॉबर्ट हंट यांनी, १९८५ साली, अवघ्या दहा मुलांवर. ॲटोमॉक्सेटिन हे एली लिली कंपनीने आधी नैराश्यावर आजमावलेलं रसायन. तिथे ते चाललं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एडीएचडीसाठी मान्य केलेलं पहिलं नॉन-स्टिम्युलंट म्हणून ते पुन्हा दारात उभं राहिलं. मग २००९ मध्ये दीर्घ काळ चालणारं ग्वानफासिन, २०१० मध्ये तसंच क्लोनिडिन, २०२१ मध्ये व्हिलोक्साझिन.

या चारही औषधांच्या मान्यतेत एक ओळ समान आहे: वय सहा वर्षं आणि पुढे.

"सोळा किलो," पुण्याच्या त्या दवाखान्यात परिचारिकेने काट्यावरून हाक दिली. डॉक्टरबाई मुलांच्या वाढविकासाच्या तज्ज्ञ. नाव छापू नका म्हणाल्या. जुनं प्रिस्क्रिप्शन त्यांनी समोर धरलं आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात हिशोब केला. किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमने सुरुवात, म्हणजे सोळा किलोला आठ. बाजारात सगळ्यात लहान कॅप्सूल दहाची. पुढचा टप्पा किलोमागे १.२, म्हणजे एकोणीसच्या आसपास, त्याला अठराची कॅप्सूल मिळते. "हिशोब बरोबर आहे. फक्त तो सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी बांधलेला आहे, आणि हे चिरंजीव आहेत सव्वापाचचे. औषध चुकलेलं नाही ताई, पायरी चुकली. आणि तुम्हाला हेही कुणी सांगितलं नाही की दहा दिवसांत काही होत नसतं."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे आवर घालण्याचं काम चालतं, नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सुटतं आणि पेशी ते लगेच परत शोषून घेतात. ॲटोमॉक्सेटिन हे परत शोषणं अडवतं. त्या भागात डोपामिनही याच वाटेने शोषलं जातं, म्हणून तेही वाढतं. मेंदूच्या ज्या भागात नशेची गोडी लागते तिथे ते जवळपास वाढत नाही. "नशेची नाही" यात तथ्य आहे ते एवढंच. पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जावे लागतात, पूर्ण परिणामाला कधी त्याहूनही जास्त. रिटालिनची गोळी म्हणजे विहिरीवरची मोटार, बटण दाबलं की पाणी. ॲटोमॉक्सेटिन म्हणजे ठिबक. बार्शीकडच्या बाईला ही उपमा मी देऊन पाहिली. ती म्हणाली, "ठिबकला पण पाईप तुंबला का बघावं लागतं की."

बघावंच लागतं. पोटात मळमळ, पोटदुखी, भूक मंदावणं, पेंगुळणं. यकृताला इजा झाल्याच्या विरळ नोंदींमुळे २००४ च्या डिसेंबरात इशारा जोडला गेला. सप्टेंबर २००५ मध्ये त्याहून ठळक, चौकटीतला इशारा आला. बारा चाचण्या एकत्र पाहिल्यावर हे औषध घेणाऱ्या मुलांमध्ये हजारात चौघांच्या मनात जीव द्यायचे विचार आढळले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. एका मुलाने प्रयत्न केला होता. मृत्यू एकही नव्हता. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की पहिले काही आठवडे त्याची चिडचिड, रडणं, गप्प बसणं यावर डोळा ठेवायचा आणि काही बदललं तर लगेच फोन करायचा. अवघड काहीच नाही. फक्त हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि जे औषध "साधं" म्हणून विकलं जातं त्याच्याबरोबर ते सांगितलं जात नाही.

सहाच्या आतल्या मुलांबद्दल विज्ञानाच्या हातात काय आहे? फारसं नाही, पण जे आहे ते नीट बघण्यासारखं. २००६ मध्ये अमेरिकेत तीन ते साडेपाच वयाच्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३०३ मुलं घेतली आणि आधी त्यांच्या आईवडिलांना दहा आठवडे शिकवलं, मगच औषधाला हात घातला. औषध होतं मिथाइलफेनिडेट. ते लागू पडलं, पण शाळकरी मुलांइतकं नाही, आणि साधारण नवातल्या एका मुलाचं औषध त्रासामुळे बंद करावं लागलं. ॲटोमॉक्सेटिनचा पाच-सहा वर्षांच्या १०१ मुलांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणांचे गुण उतरले, आईबाप आणि शिक्षक दोघांनीही तसं सांगितलं. तरी बऱ्याच मुलांची अडचण मोठीच राहिली. आकडा उतरला, घरातला गोंधळ तेवढा उतरला नाही.

२०२१ सालच्या एका अभ्यासात सहाच्या आतल्या ४९७ मुलांचे दवाखान्यांतले जुने कागद तपासले. क्लोनिडिन किंवा ग्वानफासिन घेणाऱ्या शंभरातल्या ६६ मुलांना गुण आला, उत्तेजक औषधं घेणाऱ्या शंभरातल्या ७८ जणांना. चिडचिड, झोप न लागणं आणि भूक मरणं हे उत्तेजकांच्या बाजूला जास्त होतं. भुकेचा त्रास ३८ टक्के विरुद्ध ७ टक्के. दिवसा पेंगणं मात्र बरोबर उलटं, नॉन-स्टिम्युलंटवर ३८ टक्के आणि उत्तेजकांवर ३. ही चाचणी नव्हती, साखरेच्या गोळीशी तुलना नव्हती, म्हणून या आकड्यांवर घर बांधू नये. पण निवड कशाची आहे ते यातून कळतं: जेवत नसलेलं मूल की पेंगणारं मूल.

आणि इथे मला अमेरिकन आकडे सोडून आपल्या अंगणात यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ च्या दरम्यान, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली. ज्या राज्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलं आधीच हलकी आहेत तिथे भूक मारणारं औषध लिहिताना डॉक्टरचा हात अडखळला तर ती भीती म्हणू नये. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सहाच्या आतल्या मुलांत दीर्घ काळ चालणाऱ्या उत्तेजक गोळ्यांमुळे वजन घटतं असा इशारा छापायला लावला. ॲटोमॉक्सेटिननेही भूक मंदावते, हे मात्र "साधी" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला आपण होऊन सांगितलं नाही.

मान्यतेचा एक विनोद आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत ॲम्फेटामिनच्या साध्या गोळ्या तीन वर्षांच्या मुलालाही चालतात असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, जुन्या काळी पडलेली ती मोहर. सहाच्या आतल्या मुलांवर नीट अभ्यास झाला मिथाइलफेनिडेटचा, आणि त्याच्या वेष्टनावर वय आहे सहा! कागद एकीकडे आणि अनुभव दुसरीकडे. डॉक्टर ज्याला ऑफ-लेबल म्हणतात ते हेच, वेष्टनावर लिहिलेल्या वयाच्या अलीकडे किंवा पलीकडे दिलेलं औषध. अमेरिकेत त्यात बेकायदा काही नाही. पण आईबापांना सांगून, विचारून द्यायचं असतं.

मग महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी नॉन-स्टिम्युलंट इतक्या सहज का लिहिलं जातं? मला वाटलं होतं वैद्यकीय कारण असेल. उत्तर मिळालं औषधाच्या दुकानात.

मिथाइलफेनिडेट आपल्या कायद्यात शेड्यूल एक्समध्ये आहे. डॉक्टरने चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची, माल कुलपात ठेवायचा, परवाना वेगळा. "कोण ठेवणार ताई?" एका दुकानदाराने मला कुलूप नसलेलं कपाट दाखवत विचारलं. "महिन्याला एखादं गिऱ्हाईक. तपासणीला आले की आधी तेच रजिस्टर मागतात." म्हणजे कित्येक तालुक्यांत हे औषध मिळतच नाही. मग डॉक्टरही काय करतील? मिळेल ते लिहितात. मुलांवरचे आणि मोठ्यांवरचे मिळून जगभरचे १३३ प्रयोग एकत्र करून २०१८ मध्ये झालेली तुलना मुलांसाठी मिथाइलफेनिडेटलाच पहिली पसंती देते, ॲटोमॉक्सेटिन त्याच्या खाली येतं. आपल्याकडे हा क्रम कुलपामुळे उलटा होतो. मुलाला काय हवं हा प्रश्न दुसरा, फळीवर काय आहे हा पहिला. यात मला डॉक्टरपेक्षा व्यवस्थेचा दोष जास्त दिसतो, पण "साधी आहे" हे पांघरूण त्यावर घालायची गरज नव्हती.

नॉन-स्टिम्युलंट हीच योग्य निवड ठरते अशा जागा आहेत, आणि त्या नीट आहेत. मुलाला टिक्स असतील, म्हणजे डोळे मिचकावणं, खांदे उडवणं. काळजीने पोखरलेलं मूल असेल. उत्तेजकाने जेवण अगदीच सुटलं असेल. बरोबर स्वमग्नता असेल आणि रात्र रात्र झोप नसेल, तिथे क्लोनिडिन.

क्लोनिडिनची आपल्याकडची गंमत म्हणजे ते अजूनही आजोबांचं औषध आहे. आर्कामिन या नावाची १०० मायक्रोग्रॅमची चिमुकली गोळी. चिंचवडच्या एका आईला दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं वय?" ती म्हणाली, "सहा." त्याने संगणकावर साठ टाइप केलं. घरी ही गोळी ती पोळपाटावर ठेवून भाजीच्या सुरीने कापायची, आधी अर्धी, मग पाव. पावाचे दोन तुकडे बरोबर निघायचे, तिसरा भुगा. भुगा ती बोटाला लावून मुलाच्या जिभेवर टेकवायची. "किती गेलं देवाला माहीत," ती म्हणाली. झोप मात्र सुधारली होती, मारामारी कमी झाली होती, शाळेत दुपारी पेंगायचा.

गेल्या वर्षी दिवाळीला ते रत्नागिरीकडच्या गावी गेले. फराळाचे डबे गेले, फुलबाज्या गेल्या, आर्कामिनची पट्टी चिंचवडच्या फ्रिजवर राहिली. तिला वाटलं, चार दिवस नाही घेतली तर काय होतंय, सौम्यच तर आहे. दुसऱ्या संध्याकाळी पोरगा डोकं धरून बसला, चेहरा तापलेला, छाती धडधडत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी लहान मुलाचा पट्टा नव्हता म्हणून दंडाला मोठाच पट्टा दुहेरी गुंडाळून रक्तदाब मोजला आणि तिला एकच प्रश्न विचारला, कुठली गोळी बंद केली का? क्लोनिडिन एकदम तोडलं की दाबून ठेवलेला रक्तदाब उसळी मारतो, ते पायरी पायरीने उतरवायचं असतं. दोन दिवसांत मूल सावरलं. उलटा धोकाही लक्षात ठेवण्याजोगा. लहान मुलाने याच्या दोन-चार गोळ्या खाऊ समजून गिळल्या तर नाडी मंदावते, श्वास मंदावतो, इस्पितळ गाठावं लागतं. फ्रिजवरची जागा तशी चांगली होती.

आता त्या चुकलेल्या पायरीकडे येते. सहाच्या आतल्या मुलासाठी पहिलं प्रिस्क्रिप्शन मुलाचं नसतंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका चार ते सहा वयासाठी आधी पालकांचं प्रशिक्षण सांगते. ब्रिटनची २०१८ ची त्याहून कडक आहे, पाचच्या आत औषध द्यायचं तर या वयाच्या मुलांत मुरलेल्या तज्ज्ञांचं दुसरं मत हवंच. सांगणं सोपं आहे. खुद्द अमेरिकेतल्या आठ आरोग्यसंस्थांच्या नोंदी पाहून २०२५ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की निदान झालेल्या तीन ते पाच वयाच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांना महिन्याच्या आतच औषध सुरू झालं होतं. म्हणजे चुकलेली पायरी ही काही बार्शीची मक्तेदारी नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे काय, ते बघायला मी एका शनिवारी त्याच पुण्याच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत जाऊन बसले. आठ आया, दोन बाप, एक आजोबा. समुपदेशकबाईंनी बार्शीच्या आईला उभं केलं आणि स्वतः पाच वर्षांचं मूल झाल्या. "शाळेतून आलोय. बोला."

ती सवयीने बोलून गेली, "आला का! चप्पल काढ, हात धू, दप्तर जागेवर ठेव, अन् आता गप बस जरा!"

"किती कामं सांगितली?"

तिने बोटं मोजली. चार.

"मी मूल आहे. मला त्यातलं कोणतं ऐकू आलं?"

खोलीतले सगळे हसले. मागून आजोबा म्हणाले, "गप."

पुढचा दीड तास फक्त यावर गेला. एका वेळी एक सूचना. खोलीच्या पलीकडून ओरडून नाही, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. "नीट वाग" नाही, कारण नीट म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. "चप्पल कोपऱ्यात ठेव." ठेवली की लगेच, त्याच क्षणी, नाव घेऊन शाबासकी. "गुणाचं बाळ गं माझं ते" ही शाबासकी मोघम. "चप्पल कोपऱ्यात ठेवलीस, मस्त" ही नेमकी. आजोबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. रोज दहा मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, त्यात शिकवणं नाही, प्रश्न नाहीत, फोन नाही. एका बापाने विचारलं, "आणि मारायचं कधी?" त्यावरही हशा झाला, पण तो चेष्टेने विचारत नव्हता.

हे काम गोळीपेक्षा कष्टाचं आहे, आणि एकत्र कुटुंबात दुप्पट कष्टाचं. आई सूचना एक करते, आजी सात करते. आईने दुर्लक्ष करायचं ठरवलेल्या आरडाओरड्यावर आजी चॉकलेट देते. बार्शीच्या घरी मी एकदा गेले तेव्हा आजींनी मला सरळ सुनावलं, "त्याचा बाप बी असाच हुता. पिंपळावरनं उडी मारून हात मोडून घेतला. कुणी औषिद दिलं?" आजी वाद घालत होत्या, पण नकळत अनुवंशशास्त्रच सांगत होत्या. एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा संशोधक ७४ टक्क्यांच्या घरात धरतात. बाप आता टेम्पो चालवतो. त्याआधी सात ठिकाणी नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. तो म्हणाला, "मला तर मारूनच सरळ केलं." बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "झालात का?"

दर शनिवारी पुण्याला येणं तिला परवडलं नाही. येण्याजाण्याचा दिवस गेला की शिवणाचं काम बुडतं. मग मंगळवारी, आजी भजनाला गेल्यावर, समुपदेशकबाई फोनवर तिला अर्धा तास देऊ लागल्या. हा त्या बाईंचा चांगुलपणा. व्यवस्था नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. तिथे पालकांचे मराठीतले गट बसवायला फार पैसा लागत नाही. एक खोली, एक शिकलेला समुपदेशक, दहा शनिवार. सांगलीत, लातुरात, गडचिरोलीत ते व्हायला हवेत, ही माझी सरळ मागणी आहे. तुमच्या अंगणवाडीत पथक येईल तेव्हा हा प्रश्न विचारा.

निदानाबद्दल एक सावधगिरी, कारण या वयात ती सर्वांत मोठी. अमेरिकेत, जिथे शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथे, ऑगस्टात जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळा एडीएचडीचा शिक्का बसला, असं २०१८ मध्ये दाखवून दिलं गेलं. ऑगस्टातली मुलं आजारी नव्हती, वर्गात सगळ्यांत लहान होती. आपल्या बालवाड्यांत तीन वर्षांच्या मुलाकडून रेघेत लिहिण्याची अपेक्षा करतात, तिथे काय होत असेल? लक्षणं घर आणि शाळा दोन्हीकडे हवीत, किमान सहा महिने हवीत. कान तपासलेला हवा, झोप तपासलेली हवी. दहा मिनिटांत हे होत नाही.

बार्शीच्या मुलाचं निदान दोन भेटींत, शाळेकडून भरून आलेला तक्ता पाहून, पक्कं झालं. डॉक्टरबाईंनी औषध बंदच ठेवलं. नऊ महिने आईने घर लावलं. चप्पल कोपऱ्यात जायला लागली. जेवण ताटावर बसून, निम्मं का होईना. दार उघडं राहिलं तर तो अजूनही रस्त्यावर जातो. पहिलीच्या वर्गात बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतलं आणि फळा पुसायचं काम दिलं. पण अक्षर पुरं होत नाही, बाकीची मुलं त्याला खेळायला घेत नाहीत, आणि संध्याकाळी तो आईला विचारतो, "मी वाईट आहे का गं?"

याच काळात त्याला गोळी गिळायलाही शिकवलं. भिजवलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्यापासून सुरुवात, मग रंगीत बडीशेपेचा दाणा, मग दोन. पाण्याचा घोट, मान सरळ, गट्ट. त्याला हा खेळ वाटला. आजीने शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

गणपतीत त्याला सहा पूर्ण झाली. वजन साडेसतरा किलो. विसर्जनानंतर डॉक्टरबाईंनी औषध सुरू केलं, पुन्हा ॲटोमॉक्सेटिनच. मी कारण विचारलं. त्यांनी दोन सांगितली. तो डोळे मिचकावतो, हे वैद्यकीय. आणि बार्शीतून दर महिन्याला दोन प्रतींची चिठ्ठी घेऊन औषधाची दुकानं पालथी घालणं त्या आईला जमणार नाही, हे दुसरं. "पहिलं कारण नसतं तर मी दुसऱ्याशी भांडले असते," त्या म्हणाल्या. या खेपेला सगळं कागदावर लिहून दिलं, मराठीत: फोडायची नाही, जेवणानंतर, मळमळली तर फोन, रडका झाला तर फोन, सहा आठवडे धीर.

हा मजकूर पाठवण्याआधी मी फोन केला. दहा मिलिग्रॅमची कॅप्सूल तो अख्खी गिळतो आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवतो. आज विसावा दिवस आहे. फरक अजून काही नाही. कॅलेंडरवर आईने पेनाने खुणा केल्या आहेत, बावीस दिवस बाकी आहेत.